साठ घरांचा एक नंबर

“उघड तुझी ती साइट,” अण्णा शिराळकर मला म्हणाले, “आणि दाखव सगळ्यांना.”

मी कुमुदकाकूंच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. माझ्या पाठीशी अण्णा, त्यांची मुलगी मंजिरी आणि आमच्या वधू-वर केंद्राच्या नेनेमावशी उभ्या होत्या. काकू दाराशी होत्या. खोली त्यांची, कॉम्प्युटर त्यांचा, पण त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं. रविवारचे दहा वाजले होते आणि खालून रेडिओवरची गाणी ऐकू येत होती, ती बंद करायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

पान हळूहळू उघडलं. आधी वर गणपती, मग केंद्राचं नाव, मग मुलामुलींचे फोटो आणि सगळ्यात शेवटी, अगदी तळाला, माझी ती पट्टी. ‘आपण या क्रमांकावरून हे पान पाहत आहात’ आणि पुढे नंबर. मी हातातली चिठ्ठी पडद्याजवळ धरली. चिठ्ठीवरच्या नंबराचा शेवट १८७. पट्टीवरच्या नंबराचा शेवट १८७. पुढचे आकडेही तेच.

“जुळलं,” मी म्हणाले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

त्या पट्टीचा मला कोण अभिमान! सतरा वर्षं झाली या गोष्टीला. कराडात तेव्हा वधू-वर केंद्राची साइट म्हणजे नवलाई होती, आणि ती मी, बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेल्या पंचवीस वर्षांच्या बाईने, एकटीने केली होती. प्रत्येक स्थळाखाली ‘निरोप पाठवा’ अशी खिडकी होती. त्यात लिहिलं की ते थेट त्या घरच्या मेलवर जायचं. सुरुवातीला काही मवाली त्या खिडकीतून मुलींच्या आईबापांना नाही नाही ते लिहायला लागले. दोन घरांनी मुलींची नावं काढून घेतली. मावशी रडकुंडीला आल्या. मग मी ती पट्टी लावली. पान उघडणाऱ्याला त्याच्याच इंटरनेटचा नंबर दाखवायचा, आणि खाली लाल अक्षरांत ‘हा क्रमांक आमच्याकडे नोंदवला जात आहे’. नोंदवला जायचाही खरोखरच. दुसऱ्या दिवसापासून मवाली गप्प! मावशींनी मला पावशेर आंबा बर्फी दिली आणि मी गल्लीभर नाक वर करून हिंडले.

आणि आता मंजिरीचं प्रकरण. सांगलीच्या देवस्थळींच्या मिलिंदशी तिचं ठरलं होतं, साखरपुडा अकरा दिवसांवर आला होता. गुरुवारी मिलिंदच्या आईचा मावशींना फोन आला. साइटवरून निनावी निरोप आलाय म्हणाल्या. ‘शिराळकरांच्या मुलीला आकडी येत असे. साखरपुड्याआधी हे त्यांना विचारा.’ मावशींनी अण्णांना विचारलं, तर अण्णा नुसते पेटले. “धादांत खोटं! कोण आहे तो हरामखोर, शोधून काढा.”

“शोधायला कशाला पाहिजे अण्णा?” मी पुढे होऊन म्हणाले. “निरोप ज्या नंबरावरून आला, त्याची नोंद आहे माझ्याकडे. चिठ्ठीवर उतरवून आणते.”

कुणी सांगितलं होतं मला पुढे व्हायला? पण माझा स्वभावच तसा. त्यावर अण्णा म्हणाले की घरात कॉम्प्युटर एकच आहे, वर वहिनींकडे, तेव्हा सुरुवात घरापासूनच करू.

कुमुदकाकू म्हणजे अण्णांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सत्यजित मस्कतला, त्यानेच आईला कॉम्प्युटर घेऊन दिला होता, फोटो बघायला. काकू वरच्या मजल्यावर, अण्णा आणि मंजिरी खाली. मंजिरी आठ वर्षांची असताना तिची आई वारली, तेव्हापासून तिची वेणीफणी, आजारपणं, परीक्षा, सगळं काकूंनी केलेलं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण गल्लीला आणखीही एक ठाऊक होतं. मागच्या वर्षी काकूंनी आपल्या भाच्याचं स्थळ मंजिरीसाठी सुचवलं होतं आणि अण्णांनी चार माणसांत ते झिडकारलं होतं.

“वहिनी,” अण्णा वळले, “हे काय आहे?”

“मला काय ठाऊक भाऊजी. मी काही लिहिलेलं नाही.”

“मग नंबर काय चालत गेला तिथे?”

काकूंनी एकदा मंजिरीकडे बघितलं.

“अण्णा, ऐका ना जरा,” मंजिरी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मंजू, तू गप्प बस,” काकू एकदम म्हणाल्या. काकूंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “खाली दूध ठेवलंय गॅसवर. उतू जाईल. जा आधी.”

मंजिरी जागची हलली नाही. अण्णांचा मात्र तोल सुटला. “भाच्याला नाही म्हटलं त्याचा सूड उगवलात होय? आईविना पोर विश्वासाने तुमच्या ओटीत घातली, चांगले पांग फेडलेत! सत्यजितला फोन करा. म्हणावं आईला घेऊन जा. हिच्या साखरपुड्याला तुम्ही मला या घरात दिसायला नको.”

काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “बरं,” एवढंच म्हणाल्या.

मावशी आणि मी बाहेर पडलो. रस्त्यात मावशी म्हणाल्या, “वीणा, मला काही हे पटत नाही गं. ही बाई त्या पोरीसाठी जीव टाकते.”

“मावशी, माणूस खोटं बोलेल, नंबर बोलत नाही,” मी म्हणाले. काय तोरा होता माझा! आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आमचं घर त्याच गल्लीत, सहा घरं सोडून. ती निरोपाची खिडकी काही दिवस बंद ठेव असं मावशी म्हणाल्या होत्या, म्हणून मी घरी येऊन कॉम्प्युटर लावला. आमच्याकडे केबलवाल्या दिलावर मुलाणीचं इंटरनेट येऊन चारच दिवस झाले होते. तोवर साइटचं सगळं काम मी मावशींच्या ऑफिसातून, टेलिफोनच्या लाइनवर करायची. पान उघडलं. गणपती आला, नाव आलं, फोटो आले, आणि खाली पट्टी आली.

शेवट १८७.

 चिठ्ठी काढून एकेक आकडा लावून बघितला. तोच नंबर! कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, परत लावला. तरी तोच. म्हणजे काय, निरोप मी पाठवला? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “वीणा, आमटी गार होतेय.” मी चपला पायात सरकवल्या आणि शेजारी निकम डॉक्टरांकडे धावले.

“डॉक्टर, तुमच्याकडे इंटरनेट कुणाचं?”

“दिलावरचं. अख्ख्या गल्लीत त्याचंच आहे. का गं, बंद पडलंय का?”

मी उत्तर न देता त्यांच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. १८७.

दिलावरचं दुकान पाण्याच्या टाकीखाली होतं. तो वायरींच्या गठड्यांवर बसून भाकरी खात होता. माझा अवतार बघून म्हणाला, “काय झालं ताई? टीव्ही दिसंना व्हय?”

मी त्याला पट्टीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, “सगळ्यांचा नंबर एकच कसा येतो?”

“यायचाच की,” तो घास चावत म्हणाला. “कंपनीकडनं मी एकच मोठी लाइन घेतलीया. ती ह्या डब्यात येती. डब्यातनं साठ घरांत वायरी सोडल्यात. आत हितं परत्येक घराला डबा आपला येगळा नंबर देतो. पर भायेर पडताना समद्यांवर एकच शिक्का. भायेरच्याला साठ घरं मिळून एकच घर दिसतंय.”

“म्हणजे बाहेरच्याला कळणारच नाही, कुठल्या घरातून गेलं ते?”

“न्हाई कळायचं.”

“आणि तुमच्या डब्यात? काही नोंद?”

“नोंद कसली ताई! लाइट गेली की डबा समदं इसरतो. आन लाइट तर रोजच जाती.”

मला एकीकडे हायसं वाटलं आणि दुसरीकडे मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं! परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. आणि पट्टीच्या कौतुकात साफ विसरून गेले होते.

“दिलावरभाई, चला माझ्याबरोबर.”

“आत्ता? जेवतोय की.”

“जेवण राहू द्या. एका बाईचं घर सुटायला निघालंय, आणि ते माझ्यामुळे.”

त्याने भाकरी झाकून ठेवली, हात धुतला आणि निघाला.

अण्णा ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते. पुढ्यात चहा तसाच होता. मी समोर उभी राहिले आणि श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. नंबर काकूंच्या कॉम्प्युटरचा नाही, गल्लीचा आहे, माझ्या घरीही तोच येतो, डॉक्टरांकडेही तोच येतो, मी शहाणपणा केला, माझं चुकलं. अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दिलावरकडे.

“खरं का रे?”

“व्हय अण्णा. आईशपथ.”

पण अण्णा गणिताचे मास्तर, त्यांचा असा विश्वास बसतो थोडाच! उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “चल, दाखव.” आम्ही तिघं आधी निकम डॉक्टरांकडे गेलो. १८७. मग बर्गे वकिलांकडे. १८७. वकीलबाई विचारत होत्या काय भानगड आहे, अण्णांनी त्यांना उत्तरच दिलं नाही. मग आमच्या घरी. आईने तोवर आमटी परत गरम केली होती. १८७.

“मग ही पट्टी लावलीस तरी कशाला?” अण्णांनी विचारलं.

“भीती बसावी म्हणून.”

“बसली,” अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर ते थेट जिना चढून वर गेले. आम्ही मागोमाग. काकूंनी पलंगावर बॅग उघडून ठेवली होती आणि साड्यांच्या घड्या घालत होत्या. मंजिरी खाली फरशीवर बसून रडत होती. अण्णा दारात उभे राहिले.  दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी पुढे झाले आणि वाकून त्यांनी काकूंच्या पायांना हात लावला.

“वहिनी, नंबर सगळ्या गल्लीचा आहे. तुमचं काही नव्हतं त्यात. मी वाटेल ते बोललो. ती बॅग रिकामी करा.”

काकू मटकन पलंगावर बसल्या. हातातली साडी तशीच छातीशी धरून त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि मी तिथेच भोकाड पसरलं. आवरेचना मला! सकाळपासून जी बाई माझ्या चिठ्ठीवरच्या आकड्याने घराबाहेर निघाली होती, ती आता जाणार नव्हती. दिलावर जिन्यावरून म्हणाला, “झालं ब्वा एकदाचं.”

पण झालं कुठलं! अण्णा सरळ झाले आणि म्हणाले, “मग कोणी लिहिलं? साठ घरं ना? दिलावर, यादी आण. एकेकाच्या दारात जाऊन विचारतो. त्या वकीलबाईला मंजूचं चांगलं झालेलं बघवत नाही, पहिली तिथेच जातो.”

“आवो अण्णा...” दिलावर म्हणाला.

“यादी आण म्हणतो ना!”

“नका जाऊ अण्णा,” मंजिरी फरशीवरूनच म्हणाली. मग डोळे पुसून उठली. “कुणाच्याही दारात जाऊ नका. मी लिहिलंय.”

 शेवटी मीच विचारलं, “अगं पण स्वतःच्याच विरुद्ध असं खोटं कशाला लिहायचं?”

“खोटं नाही ते, वीणाताई. नवव्या वर्षापासून मला आकडी यायची. सोळाव्या वर्षापर्यंत. मग गोळ्यांनी थांबली. गोळ्याही बंद होऊन पाच वर्षं झाली, एकदासुद्धा आली नाही. डॉक्टर म्हणाले खुशाल लग्न कर, फक्त नवऱ्याला सांगून ठेव. अण्णा म्हणाले, शब्द काढायचा नाही.” ती अण्णांकडे वळली. “दोनदा भेटले मी मिलिंदला. दोन्ही वेळा तुम्ही शेजारी बसलेले. कशी सांगणार होते? उद्या लग्नानंतर त्याला कुणाकडून कळलं असतं, तर मी त्याच्या तोंडाकडे कशी बघणार होते? मंगळवारी काकू झोपल्यावर इथेच बसून लिहिलं. सकाळी मी सांगणारच होते, पण काकूंनी बोलू दिलं नाही.”

अण्णांनी काकूंकडे बघितलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” काकू म्हणाल्या. “लिहून झाल्यावर पान बंद करायला विसरली ही. मी उठले तर समोर.”

“मग सकाळी मुकाट ऐकून का घेतलंत माझं?”

“मग काय करायला हवं होतं भाऊजी? पोरगी खरं बोलली, म्हणून तिला तुमच्या हाती द्यायची?” काकूंचा आवाज आत्ता कुठे कापला. “तुम्ही रागाच्या भरात तिला सांगलीला नेऊन, ‘ते सगळं खोटं’ असं तिच्याच तोंडून वदवून घेतलं असतं. मग जन्मभर तिने ते ओझं वाहायचं. त्यापेक्षा मी मस्कतला गेले तर काय बिघडणार होतं? माझं काय, आता किती दिवस राहिलेत!”

“काकू!” म्हणत मंजिरीने त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं.

अण्णा खुर्चीत बसले. शाळेत ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा, ते अण्णा हातांच्या बोटांकडे बघत बसले होते. “मला वाटलं, कळलं तर कुणीच हिला करून घेणार नाही,” ते म्हणाले. “हिची आई असती तर तिने सांभाळून घेतलं असतं सगळं. मला एकट्याला भीती वाटली. फार भीती वाटली मला.”

मग ते उठले. आम्हाला वाटलं आता पाणी बिणी पितील. पण ते जिना उतरून खाली गेले आणि आम्हाला डायल फिरवल्याचा आवाज आला. आम्ही सगळे धडाधड खाली. अण्णा फोनपाशी ताठ उभे होते.

“नमस्कार, शिराळकर बोलतोय. त्या निरोपाबद्दल बोलायचं होतं. हो. ते खरं आहे. लहानपणी यायची. आता सात वर्षांत आलेली नाही, गोळ्याही बंद आहेत, डॉक्टरांचे कागद आहेत, ते मी घेऊन येतो. नाही, मुलीचा दोष नाही. लपवलं मी. तिने नाही, मी लपवलं. तुम्ही नाही म्हणालात तरी माझी तक्रार नाही.” मग बराच वेळ ते नुसतेच ऐकत राहिले. कपाळावर घाम आला होता. “बरं. हो, आहे इथेच. देतो.”

त्यांनी फोनवर हात ठेवला. “मिलिंदला मंजूशी बोलायचंय.”

मंजिरीने फोन घेतला. काकूंनी आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरात हाकललं आणि दार लोटलं. दूध खरोखरच उतू गेलं होतं, गॅस तेवढा कुणीतरी बंद केला होता. काकूंनी ओटा पुसला, उरलेल्या दुधाचा चहा टाकला. दिलावर पाटावर बसला, मी डब्यांच्या फळीला टेकले, अण्णा उभेच. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. एकदा मंजिरी “हो” म्हणाली.  चहा झाला, कपांत ओतला, कुणी प्यायला नाही. अण्णा तीनदा दारापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग बाहेर मंजिरी हसली. चांगली मोठ्याने हसली.

दार उघडून ती आत आली. डोळे सुजलेले, नाक लाल. अण्णांना विचारायचा धीर होईना. काकूंनीच विचारलं, “काय म्हणाला गं?”

“साखरपुडा ठरल्या दिवशीच करायचा म्हणाला.”

अण्णांनी भिंतीला हात टेकला. माझ्या जिवात जीव आला.

“मग एवढं हसायला काय झालं?” काकू म्हणाल्या.

“तो म्हणाला, बरं झालं तुम्ही आधी बोललात. त्यालाही महिनाभर सांगायचं होतं, पण त्याच्या आईने लग्न होईपर्यंत बोलायचं नाही म्हणून शपथ घातली होती.” मंजिरीला परत हसू आलं. “कॉलेजात असताना त्याला क्रिकेटचा चेंडू लागला होता. डाव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नाही.”

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतायत, पण ते हसत होते, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीही येत होतं. दिलावरला काय कळलं कुणास ठाऊक, तोही हसायला लागला. काकूंनी मात्र शांतपणे अण्णांच्या हातात चहाचा कप दिला.

“डावाच ना?” त्या म्हणाल्या. “मग काही बिघडत नाही. पूजेला बायको उजवीकडेच बसते.”